मेणातला तुकडा आणि काउंटरवरचा माणूस

अण्णांच्या छातीत पाणी झालं तेव्हा सगळ्यांनी टीबीच धरला. एक्स-रे, सोनोग्राफी, सुईनं पाणी काढणं, मिरजेत सगळं पटापट झालं. पाण्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत, एडीएही (टीबीत वाढतं ते एन्झाइम) कमी. पाणी मात्र परत भरलं.

मग शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिल्मवर उठून दिसणारं औषध, देऊन सीटी. (आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून जा, नाहीतर दारातूनच परत पाठवतात.) फुफ्फुसावरचं आवरण चहूबाजूंनी जाड, गाठीगाठीचं, एक सेंटिमीटरच्या वर, हृदयाकडच्या बाजूलाही. डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि पहिलाच प्रश्न, "काका, नोकरी कुठं केली?" अण्णा तरुणपणी मुंबईत बॉयलरच्या पाइपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळायचे. तोवर कुणी विचारलंच नव्हतं! पाण्यात पेशी सापडल्या नाहीत म्हणून मेसोथेलिओमा, म्हणजे ॲस्बेस्टॉसमुळं होणारा या आवरणाचा कॅन्सर, नाही असं होत नाही, आवरणाचा तुकडाच लागतो, असं ते म्हणाले. थोरॅकोस्कोपी झाली, म्हणजे छातीत दुर्बीण घालून तुकडा काढला. रिपोर्ट आला: संशयास्पद, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशी कुठल्या ते खास रंगांनी ओळखायची तपासणी) करावी.

ती तपासणी त्या लॅबमध्ये होत नव्हती. बाहेर पाठवायची तर पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, हवा. काउंटरवरचा म्हणाला, "ब्लॉक देत नाही, स्लाइडी न्या." अहो, नवे काप ब्लॉकमधूनच काढतात, रंगवलेल्या स्लाइडी नेऊन काय करू? "पेशंटला सहीला आणा." छातीत नळी असलेल्या माणसाला? "मग डॉक्टरांचं पत्र." पत्र आणलं, तर त्यावर बायोप्सी नंबर नाही. नंबर घालून आणला, तर साहेब जेवायला गेलेले. शेवटी मी बाकड्यावरून हललोच नाही. आतली टेक्निशियन ताई बाहेर आली, रजिस्टरवर सही घेतली आणि प्लास्टिकच्या जाळीवर मेणात बसवलेला नखाएवढा करडा तुकडा हातात ठेवला. एवढ्यासाठी एवढं!

तेव्हा पत्र घेतानाच त्यावर बायोप्सी नंबर आणि 'ब्लॉक व स्लाइड द्याव्यात' हे लिहून घ्या. उन्हाळ्यात ब्लॉक गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. सीटीची सीडीही मागून घ्या, नुसता रिपोर्ट पुढं चालत नाही.

त्या तपासणीत आवरणाच्या खुणा, कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-१, पॉझिटिव्ह; फुफ्फुसाची खूण, टीटीएफ-१, निगेटिव्ह. म्हणजे फुफ्फुसाचा कॅन्सर नव्हे, आवरणाचाच. निदान काय ते कळलं.

आणि हो, पाणी भरू नये म्हणून आत टाल्कची पावडर सोडणार असतील तर पेट स्कॅन (पीईटी, कॅन्सर कुठं कुठं आहे ते चमकून दाखवणारा) आधी करायचा का, हे विचारून घ्या. टाल्कनं सुजलेलं आवरण पुढं कितीतरी महिने स्कॅनमध्ये गाठीसारखंच चमकतं.