ताटलीतली पेशी उदास होते का?

मी मूळपेशींच्या, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेलच्या, लॅबमध्ये मानसिक आजारांवर काम करते म्हटलं की लग्नाच्या पंगतीतही लोक विचारतात, "मानसिक आजार माणसाला होतो. काचेच्या ताटलीतल्या पेशीला कसा होईल? ती काय रडते?"

नाही रडत. तिला भासही होत नाहीत. ती किती वेळा विद्युतसंदेश सोडते आणि शेजारणींशी किती जोडण्या करते, एवढंच आम्ही बघतो.

खरी अडचण पेशी आणायच्या कुठून, ही होती. यकृताचा तुकडा सुईने काढता येतो. मेंदूचा कोण काढू देणार? २००६ साली जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घालून तिची मूळपेशी केली, पुढच्याच वर्षी माणसाच्या. आता पेशंटचं थोडं रक्त पुरतं. त्याची मूळपेशी होते, तिची चेतापेशी, म्हणजे मेंदूत असते तशी संदेश सोडणारी पेशी. 'होते' म्हणायला सोपं, महिने जातात. मूळपेशींना जवळपास रोज ताजं पोषकद्रव लागतं, त्यामुळे गणपतीतही लॅबमध्ये कुणीतरी असतंच. (बहुतेक मीच.)

मला या कामाची गोडी लागली ती २०१५च्या एका प्रयोगामुळे. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये बायपोलरच्या, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी टोकाची उदासी आणणाऱ्या आजाराच्या, सहा पेशंटांच्या चेतापेशी वाढवल्या. सगळ्या नको तितक्या उत्तेजित. त्यांतल्या तिघांना लिथियम लागू पडलेलं होतं, तिघांना नाही. ताटलीत लिथियम घातलं, तर पहिल्या तिघांच्याच पेशी शांतावल्या! हे औषध १९४९पासून माहीत आहे, पण कुणाला लागू पडेल ते अजूनही देऊन बघूनच कळतं.

हे ऐकून आमच्या जिन्यातल्या काकू एकदा हळूच म्हणाल्या, "मग आमच्या मुलाचं रक्त घेऊन सांग ना, कुठली गोळी चालेल."

नाही सांगता येत. सहा पेशंट म्हणजे सहाच. शिवाय मूळपेशी होताना पेशीचं वय पुसलं जातं. हाती येते ती गर्भातल्यासारखी कोवळी चेतापेशी. तिने जागरणं पाहिली नाहीत, नोकरी गेलेली पाहिली नाही. जनुकांचा वाटा तिच्यात आहे, आयुष्याचा नाही. बंगळूरला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत एकाच घरातल्या आजारी आणि निरोगी माणसांच्या पेशी शेजारी ठेवून बघतात, ते मला म्हणूनच पटतं.

काकूंना एवढंच म्हटलं, गोळी मनाने बंद करू नका, लिथियमची रक्ततपासणी चुकवू नका.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवारी पण जातेस का गं त्या पेशींकडे?"

"जाते," म्हटलं.