वॉकर, फुलर, टकर: एका कामाची तीन आडनावं

वॉकर हे आडनाव ब्रिटनमध्ये कुठे किती दाट होतं, याचा नकाशा पूर्ण झाला. टकर आणि फुलरचे नकाशे आधीच तयार होते, त्यामुळे आता तिन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघता येतात. इंग्लिश आडनावांचा नाद लागल्यापासून इतकं स्वच्छ चित्र माझ्यासमोर आलं नव्हतं, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितो आहे.

आधार आहे तो १८८१च्या ब्रिटिश जनगणनेचा. ३ एप्रिलच्या रात्री कोण कुठल्या घरात होतं याची ती मोजदाद. स्वयंसेवकांनी ती पानापानाने उतरवून काढल्यामुळे आपल्यासारख्यांना सहज चाळता येते, आणि त्या काळी बरीच कुटुंबं अजून पणजोबांच्या गावापासून फार लांब गेलेली नव्हती. टकर हे आडनाव नैर्ऋत्येला दाटलं आहे, सगळ्यात गडद डेव्हन. फुलर आग्नेयेला: केंट, ससेक्स, सरे, आणि वर नॉरफोक-सफोक. वॉकर मात्र उत्तर आणि मध्य इंग्लंडभर पसरलेलं, यॉर्कशायर, लँकेशायर, डर्बीशायर, नॉटिंगहॅमशायर, डरहॅम, आणि तिथून थेट स्कॉटलंडपर्यंत. लंडन मी फिकट ठेवलं आहे. तिथे सगळेच येऊन मिसळले, त्यामुळे मुळाचा शोध घेताना त्या आकड्यांचा उपयोग नाही.

तिघांचा धंदा एकच. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ, खरखरीत आणि तेलकट असतं. ते पाण्यात भिजवून, त्यावर तेल शोषणारी माती घालून तुडवत राहायचं. धागे आकसतात, एकमेकांत गुंततात, कापड दाट होतं आणि थंडी-पाऊस अडवू लागतं. ही माती म्हणजे ‘फुलर्स अर्थ’, आपल्याकडे मुलतानी मातीच्या पाकिटावर छापलेलं असतं तेच नाव. सरेमधल्या नटफील्डच्या आणि बाथच्या आसपासच्या खाणी तिच्यासाठी प्रसिद्ध होत्या. मातीच्या जोडीला शिळं मूत्रही लागे, कारण त्यातला अमोनिया तेल कापतो. यॉर्कशायरच्या कापडगावांत घरोघरी ते साठवण्याची रीत एकोणिसाव्या शतकातही चालू होती. मग धुतलेलं कापड आटू नये म्हणून उघड्यावरच्या लांब चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवत.

आता शब्द. फुलर हा लॅटिन ‘फुलो’पासून जुन्या इंग्रजीत आला आणि नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमुळे आणखी रुजला. टकरच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतलं ‘तूकियन’ हे क्रियापद आहे, अर्थ छळणं, हाल करणं. कापडाचे जे हाल होतात ते पाहता शब्द चपखल बसला. वॉकरच्या मागे ‘वेआल्कन’, म्हणजे लोळवणं, उलटंपालटं करणं. चालणं हा अर्थ त्याच शब्दाला नंतर चिकटला. चौदाव्या शतकात धर्मसुधारक विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणलं, तेव्हा मार्कच्या शुभवर्तमानात येशूची वस्त्रं शुभ्र झाल्याच्या वर्णनात ‘फुलर किंवा कापडाचा वॉकर’ असे दोन्ही शब्द जोडून घातले. सगळ्या प्रांतांतल्या वाचकांना कळावं म्हणूनच ही जोडी घातली असावी, असं मला वाटतं. एकाच वाक्यात दोन बोली शेजारी बसलेल्या पाहून फार समाधान झालं.

या फेरीतली सगळ्यात मोलाची भर गावांच्या नावांतून मिळाली. पायांनी तुडवण्याचं काम पुढे पाणचक्कीकडे गेलं. चाकाबरोबर फिरणाऱ्या आडव्या दांड्याला खुंट्या असत. त्या जड लाकडी हातोडे उचलून कुंडीतल्या कापडावर सोडत. अशा गिरण्यांची इंग्लंडमधली सगळ्यात जुनी नोंद ११८५ सालची आहे, टेम्प्लर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाने आपल्या मालमत्तेची पाहणी केली तेव्हाची, आणि त्यातली एक गिरणी यॉर्कशायरमधल्या टेम्पल न्यूसमची. या गिरण्यांनी मागे ठेवलेली नावं मी आडनावांच्या नकाशावर टाकली. कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ ‘टकिंगमिल’, लँकेशायरमध्ये बर्नलीजवळ ‘वॉक मिल’. गिरणीचं नाव आणि माणसाचं आडनाव एकाच बोलीतून आलं आहे, आणि दोन्हींच्या सीमा जुळतात. वेल्समध्ये अशा गिरणीला ‘पांडी’ म्हणतात. कोळशाच्या खाणींसाठी गाजलेलं टोनीपांडी त्यावरूनच.

कालक्रमही इथे लक्षात ठेवायला हवा. सामान्य लोकांची आडनावं वंशपरंपरेने पक्की झाली ती साधारण १२५० ते १४०० या काळात, उत्तरेकडे आणखी उशिरा. म्हणजे ज्यांच्या वंशजांना वॉकर हे आडनाव मिळालं, त्यांतले बरेच जण स्वतः कापड तुडवत नसणार. ते गिरणीवर उभे राहून हातोड्यांखालचं कापड सारखं करत असणार. पद्धत बदलली, नाव राहिलं. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर मात्र बायका फळीभोवती बसून, गाणी म्हणत ट्वीड हे लोकरी कापड आपटायच्या, आणि ती चाल विसाव्या शतकापर्यंत टिकली. त्या गाण्यांना इंग्रजीत ‘वॉकिंग साँग’ म्हणतात, वर्तनी वेगळी पण मूळ हेच.

कागदपत्रं वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. मध्ययुगीन कारकून लॅटिनमध्ये लिहीत. त्यांनी ‘फुलो’ लिहिलं की तो माणूस गावात वॉकर म्हणून ओळखला जायचा, टकर की फुलर, ते समजत नाही. म्हणून लॅटिन नोंदी मी नकाशात घेतच नाही. १३७९च्या डोईपट्टीच्या याद्या जास्त कामाच्या, विशेषतः यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगच्या, कारण तिथे पुष्कळ ठिकाणी नावापुढे धंदाही दिला आहे. नाव वॉकर आणि धंदा दुसराच दिसला, तर ते बापाकडून आलेलं आडनाव असण्याचा संभव बराच वाढतो.

प्रत्येक वॉकर मात्र या धंद्यातलाच धरू नये. न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचं ठिकाण आहे. तिथल्या नावाचा अर्थ भिंतीलगतची दलदल, आणि ती भिंत रोमन सम्राट हेड्रियनची. स्कॉटलंडमध्ये गेलिक ‘मॅक अन उखकदर’, म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा, याचंही इंग्रजीत वॉकर झालं. टकरमध्ये तर आयरिश ‘ओ तुअखर’ मिसळलं आहे, आणि क्वचित फ्रेंच ‘तू कर’ हे शूर, दिलदार माणसाचं टोपणनावही. तिघांत फुलर सगळ्यात सरळ.

लोकप्रियतेत वॉकर बाकी दोघांच्या फार पुढे. अमेरिकेच्या २०००च्या जनगणनेत ते २८व्या क्रमांकावर होतं, ५ लाखांहून जास्त लोक. माझं मत असं, की शब्दाचा मूळ टापूच मोठा होता, स्कॉटलंडची भर पडली, आणि औद्योगिक क्रांतीत लोकसंख्या फुगली ती नेमकी याच उत्तरेकडच्या भागात. डेव्हनचा लोकरधंदा तोवर ओसरत चालला होता. एक्सेटरमध्ये विणकर, टकर आणि कातरणाऱ्यांच्या संघाचा १४७१चा टकर्स हॉल आजही उभा आहे, त्यावरून तिथली जुनी भरभराट कळते. अमेरिकेतल्या वॉकरांमध्ये कृष्णवर्णीयांचा वाटाही मोठा आहे, आणि त्यामागे गुलामगिरीचा इतिहास आहे. केसांच्या उत्पादनांतून उद्योग उभारणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर यांच्याकडे हे नाव लग्नाने आलं, त्या जन्माने सारा ब्रीडलव्ह.

जॉनी वॉकरच्या बाटलीवरचा ढांगा टाकणारा माणूस १९०८ साली टॉम ब्राउन या चित्रकाराने काढला, आणि जगाच्या डोक्यात वॉकर म्हणजे चालणारा हे पक्कं बसलं. फुलरने तर रसायनशास्त्र गाठलं. १९८५मध्ये सापडलेल्या कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूला वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांचं नाव दिलं गेलं, त्यामुळे ‘फुलरीन’ या शब्दात रोमन काळचा तो कापड तुडवणारा अजून आहे.

पुढचं काम शर्मन. तुडवून वाळवलेल्या कापडावरची लव काटेरी बोंडांनी उभी करायची आणि मोठ्या कात्रीने सारखी कापायची, तो शिअरमन. अमेरिकी यादवी युद्धातल्या जनरल शर्मन यांचे पूर्वज एसेक्समधल्या डेडहॅमचे, आणि डेडहॅम हे कापडाचंच गाव, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो आहे. त्यानंतर रंगाऱ्यांची जोडी, दक्षिणेतला डायर आणि उत्तरेतला लिस्टर. कोणाकडे सफोक किंवा एसेक्सच्या जुन्या कर-याद्यांचं वाचन झालेलं असेल, तर शर्मनच्या वर्तनी जरूर कळवा.