पहिला नंबर, पण फ्लेक्सवर नको

दहावीचा निकाल दुपारी एकला ऑनलाइन लागतो. दीडला माझा फोन वाजायला लागतो आणि मध्यरात्र उलटली तरी थांबत नाही. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. लग्नं, वाढदिवस, श्रद्धांजल्या, उद्घाटनं वर्षभर चालू असतात, पण निकालाचे दिवस वेगळे. मुलाच्या हातात शाळेतून छापील गुणपत्रक पडायच्या आत त्याचा चेहरा चौकात लागलेला असतो.

मागच्या वर्षी, १३ मे २०२५ ला, राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. शंभर टक्के मिळवणारी मुलं राज्यभरात २११, त्यांतली ११३ एकट्या आमच्या लातूर विभागातली. बोर्डाने हे आकडे सांगितले आणि इथल्या क्लासवाल्यांत चढाओढ लागली. बोर्डाने आपली गुणवत्ता यादी केव्हाच बंद केली. पूर्वी ‘बोर्डात आला’ म्हणजे त्या यादीत आला. पेढा भरवतानाचा फोटो पेपरात यायचा. मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून ती यादी गेली. सीबीएसईनेही मुलांमधली अनिष्ट स्पर्धा टाळायची म्हणून गुणवत्ता यादी आणि प्रथम-द्वितीय श्रेणी जाहीर करणं थांबवलं. पण बोर्डाने सोडलेलं काम आमच्या गल्लीतल्या क्लासने उचललं, आणि ते माझ्या मशीनवर येऊन छापलं जातं.

फ्लेक्स कसा बनतो ते सांगतो, कारण बघणाऱ्याला तो फक्त रंगीत दिसतो. क्लासवाले सर यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. नावं युनिकोडमध्ये असतात. आमच्या जुन्या फॉन्टमध्ये नेली की रफार आणि जोडाक्षरं फुटतात. ‘ज्ञानेश्वरी’चं काय होतं ते बघवत नाही. म्हणून मी नावं पुन्हा हाताने टाइप करतो, प्रत्येक वेलांटी तपासून. मुलाचं नाव चुकीचं छापणं मला सहन होत नाही. फोटो येतात ते आधार कार्डावरून काढलेले, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातले. ते कापायचे, अंगावर निळा कोट आणि टाय चढवायचा. तीस-चाळीस केबीचा फोटो दोन फुटांचा करायचा म्हणजे नाकडोळे विरघळतात. एकेका भुवईवर बसून ते परत आणावे लागतात. आणि मग सर सांगतात, ‘मुलगी जरा उजळ कर.’ ते मी करत नाही. तिला गुण त्याच चेहऱ्यावर मिळालेत.

आकाराचा हिशेब तर ठरलेलाच. पहिला मधोमध, दोन फुटांचा, टक्के पिवळ्या चांदणीत. दुसरा-तिसरा दोन्ही बाजूंना, फुटाचे. नव्वदपर्यंतचे खालच्या ओळीत, तळहाताएवढे. नव्वदच्या खाली फक्त नाव, पंच्याऐंशीच्या खाली तेही नाही. वर संस्थाचालक आणि नेते यांचे चेहरे, ते मात्र मुलांपेक्षा मोठे. आता गंमत अशी नाही, दुःख असं आहे की दहावीला सहापैकी जास्त गुणांचे पाच विषय धरतात, म्हणजे टक्के पाचशेपैकी निघतात. एक गुण म्हणजे ०.२० टक्का. ९७.६० आणि ९७.४० यांत एका गुणाचं अंतर आहे. त्यात कुणाला चित्रकलेचे वाढीव गुण, कुणाला खेळाचे, लोककलेचे. त्या एका गुणावर मी एका लेकराचं डोकं दुसऱ्याच्या दुप्पट करतो.

त्या दिवशी दुपारी एका क्लासची ऑर्डर आली: वीस बाय दहा, रात्री आठपर्यंत चौकात लागला पाहिजे. पहिली आलेली मुलगी ९७.६०. सर आनंदात होते, आणि त्यांचा आनंद खोटा नव्हता. त्या मुलीची फी त्यांनी दोन वर्षं अर्धीच घेतली होती. मी डिझाइन केलं, प्रूफ पाठवलं, सरांनी ‘ओके’ म्हटलं आणि लगेच ते चित्र आपल्या स्टेटसला लावलं. संध्याकाळी सहाला फ्लेक्स मशीनवरून उतरला. आमचा ऑपरेटर खाली बसून कडेला रिंगा मारत होता.

तेवढ्यात एक बाई आणि मुलगी दारात आल्या. मुलीला मी ओळखलं. दुपारभर तिचाच चेहरा कापत बसलो होतो. पेढे द्यायला आल्या असतील असं वाटलं. बाई म्हणाली, ‘भाऊ, हिचा फोटो काढून टाका. नाव पण.’

मी म्हटलं, ‘ताई, पहिली आलीय लेक. सगळं गाव बघेल.’

‘म्हणूनच म्हणतेय.’

बसा म्हटलं तर बसली नाही. दुकानात उभ्याउभ्याच तिने सांगितलं. सगळं इथे लिहिणार नाही. नवऱ्यापासून पळून येऊन ती भावाच्या आसऱ्याला राहतेय, दुसऱ्या जिल्ह्यातून. त्याला पत्ता माहीत नाही आणि कळू नये यासाठी त्यांनी बरंच काही सोसलंय. मुलीची शाळा बदलताना मुख्याध्यापकांना हात जोडून सगळं गुपचूप करून घेतलं. आणि माझ्या फ्लेक्सवर काय होतं? मुलीचं नाव, मधे बापाचं नाव, मग आडनाव, आमच्याकडे लिहितात तसं पूर्ण. खाली शाळा, खाली गाव. ती म्हणाली, ‘कुणीतरी त्यांना फोन करणारच, की तुमची पोरगी पहिली आली म्हणून. चांगल्या मनानेच करेल.’

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माणसं अभिनंदन करतात ते बापाचं आधी. मी कितीतरी वर्षं मुलांची पूर्ण नावं चौकात टांगली, पण ते नाव कुणाकुणापर्यंत पोचतं याचा असा विचार कुणी माझ्यासमोर मांडला नव्हता.

मी सरांना फोन लावला. ते दहा मिनिटांत आले. आधी समजुतीने बोलले: आडनाव काढू, बापाचं नाव काढू, फोटो राहू दे. मुलगी पहिल्यांदा बोलली, ‘सर, फोटो नको.’ सर म्हणाले, फोटोशिवाय ९७.६० कुणी खरं मानणार नाही, आजकाल काही क्लास खोटे टक्के छापतात. हे मात्र खरं आहे. एकच मुलगा तीन क्लासच्या फ्लेक्सवर असतो, त्यांतल्या दोघांकडे तो फक्त सराव परीक्षेला गेलेला असतो. मग आवाज चढला. प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांची सही आहे, त्यात फोटो वापरायची परवानगी लिहिलेली आहे. फ्लेक्सचे पैसे मी देतोय. आणि मग त्यांनी जे म्हटलं त्याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं. ते म्हणाले, ‘या गावात गरिबाच्या लेकराला मदत कशी मिळते तुला माहीत आहे. फोटो लागतो, बातमी येते, मग कुणीतरी अकरावीची फी भरतो, कुणी लातूरला हॉस्टेलचं बघतो. हिचा फोटो झाकून तू हिचं भलं करतोयस का?’

खरंच मिळते मदत. माझ्या डोळ्यांसमोर मिळालेली आहे. हमालाच्या मुलाचा फ्लेक्स लागला आणि आडत व्यापाऱ्यांनी मिळून त्याचं दोन वर्षांचं बघितलं. म्हणून ‘नावं छापूच नका’ असं म्हणणाऱ्यांत मी नाही. त्याच दुपारी चार पोरं वर्गणी काढून आली होती, मित्राला एक्कावन्न टक्के पडले म्हणून तीन बाय पाचचा फ्लेक्स करायला. घरातला दहावी पास झालेला तो पहिलाच. तो स्वतः माझ्या शेजारी खुर्चीवर बसला, फोटो त्याने निवडला, खालची ओळ त्याने सांगितली. तो फ्लेक्स मी मनापासून केला. त्या मुलाला हवा होता, एवढं त्याला पुरेसं कारण आहे. क्लासचा फ्लेक्स मुलासाठी नसतोच. तो पुढच्या वर्षी आठवी-नववीत येणाऱ्या पोरांच्या आईबापांसाठी असतो, आणि त्याला भांडवल म्हणून या मुलाचा चेहरा लागतो. ज्याचं भांडवल, त्याला कुणी विचारत नाही.

मी सरांना सांगितलं, हा फ्लेक्स माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही. दुसरा करून देतो, तिच्याशिवाय, पैसे देऊ नका. ऑपरेटर म्हणाला, चेहऱ्यावर दुसरा तुकडा चिकटवू. ते होत नाही. मे महिन्याच्या उन्हात सोल्युशन सुटतं, तुकडा कोपऱ्यातून उचकटतो आणि खालचा चेहरा वर येतो. पुन्हाच छापायला हवा होता. सर म्हणाले, तुझं राहू दे, आणि निघून गेले. रात्री त्यांचा फ्लेक्स दुसरीकडून छापून चौकात लागला. त्यात ती नव्हती, हे मी जाऊन बघून आलो. चिडले होते तरी त्यांनी एवढं ऐकलं, त्याचं श्रेय त्यांना देतो. ९७.४० वाली मुलगी मधोमध होती, दोन फुटांची.

आमच्याकडे राहिला तो दोनशे चौरस फुटांचा फ्लेक्स. जुना फ्लेक्स कुणी फेकत नाही. तो कुणाच्या कांद्यावर, गोठ्यावर, पालावर जातो आणि पावसाळाभर तिथे राहतो. मागणारे त्या दिवशीही दारात होते. म्हणून कटर घेतला आणि त्याच्या पट्ट्या केल्या, नाव आणि चेहरा आधी.

त्याआधी एक गोष्ट घडली, आणि खरं तर तिच्यासाठीच मी हे लिहायला घेतलंय. सर गेल्यावर आई दारापाशी भावाला फोन करत होती. मुलगी हळूच म्हणाली, ‘काका, एकदा बघू का?’ मी खुर्ची दिली, फाइल उघडली. ती बराच वेळ बघत होती. चांदणीतल्या टक्क्यांवर तिने स्क्रीनला बोट लावलं. मग म्हणाली, ‘नाव बरोबर लिहिलंय.’ तिच्या आडनावात एक अवघड जोडाक्षर आहे, सगळे ते चुकवतात. मग विचारलं, ‘याचा एक छोटा फोटो मिळेल?’ आई मागे येऊन उभी होती. ‘नको. घरात पण नको,’ म्हणाली. मुलगी उठली. तिने हट्ट केला नाही.

तिला तो हवा होता. हे मला स्पष्ट दिसलं. त्या दिवशी तिला गावाने नावाने ओळखावं, चौकात थांबून बघावं, हे कुठल्याही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला वाटतं तसंच तिलाही वाटत होतं, आणि तिला ते परवडणारं नव्हतं. टॉपरची नावं जाहीर करावीत की नाही यावर लोक बोलतात तेव्हा मागे राहिलेल्या मुलांच्या मनाचं बोलतात. ते बरोबरच आहे; पंच्याऐंशीच्या खालची पोरं फ्लेक्सखालून सायकलवर जाताना मी बघतो. पण पहिल्या आलेल्या मुलालाही त्याची किंमत पडू शकते, आणि ती किती हे त्याच्या घरालाच माहीत असतं.

पुढे एक वकील व्हिजिटिंग कार्ड छापायला आले, त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी दाखवलं की नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि ती यश मिळाल्यानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर घेतलेली सही चालत नाही. ज्याने कुणी ‘नंतर’ हा मुद्दा त्यात घातला त्याला मुलांची परिस्थिती कळत होती. आमच्या तालुक्यात हा नियम एकाही क्लासवाल्याने मला ऐकवलेला नाही. नगरपरिषद फ्लेक्सवर परवानगीचा क्रमांक आहे का बघते, तेही वरून दट्ट्या आला की. त्यावरच्या मुलाची परवानगी आहे का, हे कुणीच बघत नाही.

सरांच्या स्टेटसवरचं चित्र चोवीस तासांनी गेलं असेल. त्याआधी कुणीकुणी ते पुढे पाठवलं ते कुणाला सांगता येणार? मुलीचा मामा दिवाळीच्या सुमारास दुकानी आला होता, रबरी शिक्का करायला. मुलगी अकरावीला आहे म्हणाला, बरी आहे. कुठे आहे ते मी विचारलं नाही.

त्या सरांचं काम आता माझ्याकडे येत नाही. बाकीच्यांसाठी मी ऑर्डरच्या कागदावर एक रकाना वाढवलाय: प्रत्येक फोटोसमोर मुलाची आणि पालकाची सही, निकालानंतरच्या तारखेची. दोन क्लासवाले कागद बघून परत गेले. एकाने सगळ्या सह्या आणल्या, आणि एक जागा रिकामी ठेवून म्हणाला, हा नको म्हणतोय, याचं फक्त पहिलं नाव टाका.

माझे वडील पेंटर होते. इथल्या शाळेच्या ऑफिसात गुणवंतांचा लाकडी फळा आहे, काळ्यावर पांढरी ऑइलपेंटची अक्षरं, त्यांच्या हातची. वर्ष, नाव, गुण. दरसाल एक ओळ, फोटो नाही, शाळेच्या आत. माणसं पन्नाशीत येऊन आपली ओळ शोधतात. फ्लेक्स आल्यावर तो फळा लिहिणं बंद पडलं. मुख्याध्यापकांना मी सांगितलंय की राहिलेली वर्षं मी लिहून देतो, रंगाचे पैसे नकोत, फक्त प्रत्येकाला आधी विचारा. संस्थेच्या बैठकीत विषय ठेवतो म्हणाले. अजून ठेवलेला नाही.