गुळाचा खडा, वांगं आणि तीस मिनिटं

घड्याळ लावून स्टिल लाइफला (समोर मांडलेल्या वस्तूंच्या चित्राला) बसलं की हात पळायला लागतो, आणि चित्र तिथंच बिघडतं. खाली जो सराव दिलाय, त्यात तीस मिनिटांपैकी पहिली तेरा मिनिटं कागदाला रंग लागतच नाही. वेळ कमी आहे म्हणूनच रंग आधी मिसळून ठेवायचे.

वस्तू चारच: भरताचं गडद वांगं, पिकलेलं पिवळं लिंबू, तांब्याचा तांब्या आणि गुळाचा मूठभर खडा. कोल्हापुरात गूळ निवडायला वाव आहे. बाजारात पिवळाधमक मिळतो तसा केमिकल न घातलेला तपकिरीही मिळतो. दोन्हींचा एकेक खडा शेजारी ठेवला तर एकाच घराण्यातल्या रंगात टोन (उजळ-गडदपणा) किती बदलतो ते डोळ्यांना कळतं. (पावसाळ्यात गूळ पाघळतो, आणि मुंग्या चित्र पुरं व्हायची वाट बघत नाहीत. खाली ताटली ठेवा.) पट्टेदार वांगं घेऊ नका, पट्टे रंगवण्यातच वेळ जातो.

उजेड एकच हवा. जून ते सप्टेंबर खिडकीवर भरवसा ठेवू नये, ढग सरकला की सावलीच गायब. चपलेचा मोठा खोका आडवा ठेवून त्याची एक बाजू कापावी आणि तिथून ९ वॉटचा पांढरा एलईडी बल्ब दीड-दोन फुटांवरून तिरका सोडावा. खोलीतली ट्यूब बंद, नाहीतर प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात. पॅलेटवरचा, म्हणजे रंग मिसळायच्या पाटीवरचा, उजेडही पांढराच असावा. पिवळ्या बल्बखाली पांढऱ्यातला आणि फिक्या पिवळ्यातला फरक नीट कळत नाही.

आता टोनची पट्टी. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून जवळजवळ काळा करायचा, मग पांढरा वाढवत पाच घरं: १ सर्वात गडद, ५ सर्वात उजळ. प्रत्येक घरात पंचिंग मशीननं भोक पाडायचं. पट्टी वस्तूसमोर धरून एक डोळा मिटायचा, दुसरा बारीक करायचा. ज्या घराच्या भोकाची कड विरघळल्यासारखी वाटते, तो त्या भागाचा टोन. पट्टीवर वस्तूंइतकाच उजेड पडायला हवा. ती अंधारात राहिली तर सगळे आकडे चुकतात.

पहिले चार-पाच दिवस रंग नकोच. फक्त राखाडी, तीन टोन, दहा मिनिटं, वहीच्या अर्ध्या पानाएवढा कागद. इथं एक नियम सगळे शिकवतात: उजेडाची बाजू नेहमी सावलीपेक्षा उजळ. पण हा नियम एकाच वस्तूपुरता खरा आहे. लिंबाची सावलीकडची बाजू वांग्याच्या उजेडाकडच्या बाजूपेक्षा उजळ असते! मन म्हणतं ‘सावली म्हणजे गडद’, मग लिंबाची सावली १ वर जाते आणि लिंबू कुजल्यासारखं दिसतं. पट्टी लावून बघा, ती ३ च्या आसपास सापडेल.

मग रंगीत, तीस मिनिटं, ८ बाय १० इंच. तीन मिनिटं टपाल तिकिटापेक्षा थोडं मोठं पेन्सिलचं कच्चं टिपण, दोन मिनिटं कागदावर जागा आखणं, आठ मिनिटं रंग मिसळणं, बारा मिनिटं मोठे आकार, चार मिनिटं कडा आणि चमक. शेवटचं एक मिनिट हात मागे.

आठ मिनिटांत दहा ढीग पाडायचे, सुपारीएवढे, पॅलेट नाइफनं (रंग मिसळायच्या बोथट सुरीनं): प्रत्येक वस्तूचे उजेड आणि सावली, शिवाय पार्श्वभूमीचे दोन. लिंबाच्या उजेडाला लेमन येलो आणि थोडा पांढरा. सावलीत काळा घालू नये, लगेच हिरवं होतं. येलो ऑकर (मातकट पिवळा), लेमन येलो आणि कणभर बर्न्ट अंबर पुरतो. वांग्याला अल्ट्रामरीन, अलिझरिन क्रिम्झन (गडद किरमिजी), थोडा अंबर. उजेडाच्या ढिगात पांढरा नखाएवढाच, कारण जांभळा गडद असतानाच भरदार दिसतो, पांढरा पडला की खडूसारखा होतो. पिवळ्याचं उलटं, तो उजळ असतानाच तेजतो. तांब्याला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि व्हर्मिलियन (शेंदरी लाल), उजेडात ऑकर, सावलीत अंबर आणि अल्ट्रामरीन. गुळाला ऑकर आणि सिएना. मात्र त्याच्या पातळ कडेतून उजेड आरपार जातो, म्हणून सावलीच्या बाजूलाही ती कड नारिंगी पेटलेली दिसते. तेवढं एक पकडलं की तो दगड न दिसता गूळ दिसतो.

चमक शेवटच्या चार मिनिटांतच. तांब्याची चमक पांढरी नसते. धातू उजेड परत फेकताना त्याला स्वतःचा रंग देतो, म्हणून ती पीचसारखी नारिंगी. वांग्याच्या सालीवरची चमक मात्र बल्बच्याच रंगाची, निळसर पांढरी. दोन्हीकडे रंगाच्या ट्यूबमधला नुसता पांढरा लावला तर दोन्ही प्लॅस्टिकचे होतात. लिंबावरची चमक सोडूनच द्या.

पोस्टर कलरमध्ये गडद रंग वाळून उजळतात, उजळ रंग थोडे गडद होतात. अॅक्रिलिक वाळून गडद होतो, शिवाय एप्रिल-मे मध्ये पॅलेटवर बघता बघता सुकतो. डब्याच्या झाकणात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, एवढ्यानं काम भागतं. ढिगाचा एक फटकारा रद्दी कागदावर वाळवूनच पट्टी लावावी.

चित्र आणि मांडणी एकाच चौकटीत घेऊन फोनवर कृष्णधवल फोटो काढावा. फोन सावल्या उजळवतो, तेव्हा नेमका टोन त्यात शोधू नये. कोण कोणापेक्षा गडद, एवढा क्रम जुळतो का ते बघावं.

मांडणी रोज बदलायचा मोह होतो. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान रंकाळा तलावाकडे पुन्हा पुन्हा वळले, आपण एका मांडणीला पाच दिवस द्यायला हरकत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वांगं सुरकुततं, चमक पसरट होते, तेव्हा नवं आणा आणि जुन्याची भाजी करा. तांब्याला मात्र मध्येच कुणी चिंच-मीठ लावून घासणार नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा. लख्ख झालेला तांब्या कालच्या टोनपेक्षा खूप उजळ दिसतो आणि जमवलेली मिश्रणं त्याला लागू पडत नाहीत.