तुम्ही विचारलंत म्हणून: थेरपिस्ट, भीड आणि नसलेला भाऊ

‘तुम्हाला तुमच्या थेरपिस्ट सापडल्या कशा?’ हा प्रश्न मला कुणी मोठ्या आवाजात विचारत नाही. कार्यक्रम संपून माणसं पांगायला लागली की कुणीतरी बाजूला गाठतं. किंवा रात्री साडेअकराला मेसेज येतो, लिहून-खोडून गुळगुळीत केलेला, आणि शेवटी ‘नाही सांगितलंत तरी चालेल’ अशी मला आधीच काढून दिलेली पळवाट. सोशल अँक्झायटीचा, म्हणजे चारचौघांत बोलण्या-वावरण्याच्या भीतीचा, त्रास आहे हे वेगळं लिहावं लागत नाही. मीही असेच मेसेज लिहायचे.

तर, सापडल्या त्या तिसऱ्या. पण आधीच्या दोघांकडे का जमलं नाही ते सांगितल्याशिवाय या उत्तराला काही अर्थ नाही.

पहिला अडथळा फोनचाच. दात दुखला म्हणून दंतवैद्याला फोन करताना त्या दाताने काही चावावं लागत नाही. इथे मात्र ज्याची भीती, तेच करून मदत मागायची. मी कागदावर वाक्य लिहून काढलं होतं: ‘नमस्कार, मला अपॉइंटमेंट हवी होती.’ ‘हवी होती’ की ‘हवी आहे’, यात एक अख्खी दुपार गेली. मग तो कागद तीन आठवडे ड्रॉवरमध्ये पडून राहिला. हा त्रास बहुतेकांना तेरा-चौदाव्या वर्षाच्या आसपास सुरू होतो आणि मदत मागेपर्यंत वर्षांमागून वर्षं निघून जातात. माझी एकोणीस गेली. म्हणून विचारणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते, की मेसेजवर किंवा ईमेलवर वेळ देणारं कुणी असेल तर खुशाल तिथून सुरुवात करा. घरातल्या कुणाकडून फोन करवून घेतलात तरी चालेल. धीटपणा दाखवायला पुढे भरपूर जागा आहे.

पहिल्या बाई फार चांगल्या होत्या. हे मी उपरोधाने म्हणत नाही. आवाज मऊ, ऐकण्याची पद्धत अशी की आपण काहीतरी महत्त्वाचं बोलतोय असं वाटावं. तिथून बाहेर पडताना दर वेळी हलकं वाटायचं. अकरा महिने मी दर आठवड्याला जात होते आणि त्या अकरा महिन्यांत माझ्या आयुष्यात एवढाही फरक पडला नाही. पण त्यांना ते कळणार कसं? ‘या आठवड्यात कसं वाटलं?’ असं विचारलं की मी म्हणायचे, ‘बरंच बरं.’ त्यांचा चेहरा खुलायचा. तो खुललेला चेहरा बघायला मिळावा म्हणून मी बरी होत होते.

एकदा त्यांनी विचारलं, ‘आणि भावाशी बोलणं झालं का?’

मला भाऊ नाही. दुसऱ्या कुणाची तरी नोंद त्यांच्या डोक्यात मिसळली असणार, होतं असं. कुणीही म्हणालं असतं, ‘अहो, मला भाऊ नाही.’ मी म्हणाले, ‘हो, झालं थोडं.’ मग पुढच्या आठवड्यात त्याच्याशी नातं सुधारावं लागलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याला माझ्या बोलण्याचं थोडं वाईट वाटावं लागलं. दोन महिने मी पैसे मोजून एका नसलेल्या भावाविषयी बोलत होते, कारण समोरच्या भल्या माणसाला चूक दाखवायची मला भीड पडली होती.

‘भिडस्त’ हा शब्द मराठीत जवळजवळ कौतुकाने वापरला जातो, पण ‘भीड भिकेची बहीण’ असंही म्हणणारी हीच भाषा आहे. थेरपिस्ट निवडण्याचा सगळा पेच मला या एका शब्दात दिसतो. ज्याला भीड आहे तो थेरपिस्टचीही भीड धरणारच. तो वेळेवर जाणार, सांगितलेलं सगळं पटल्यासारखं मान हलवणार, गृहपाठ केला नसेल तर केला म्हणणार. बाहेरून बघणाऱ्याला हा आदर्श रुग्ण वाटेल. त्यामुळे ‘तिथे गेल्यावर छान वाटतं का’ ही कसोटी आपल्यासारख्यांना फसवी ठरते. वाईट वागणूक मिळाली तर उठून यावं हे खरंच. पण छान वाटणं म्हणजे उपचार चालू आहे असं नव्हे.

दुसऱ्या गृहस्थांबद्दल थोडक्यात. ते उत्साही होते. त्यांनी दीर्घ श्वास, आत्मविश्वास आणि आरशासमोर उभं राहून बोलण्याचा सराव असं तिहेरी औषध दिलं. आरशाचा परिणाम असा झाला की पुढची प्रत्येक मीटिंग मी आरसा समोर धरूनच केली. आता माझे ओठ कसे हलतायत, आता गाल लाल झाले असतील. चार महिन्यांनी मी जाणं बंद केलं. त्यांना कळवलं मात्र नाही. फोन आला तेव्हा उचलला नाही.

आरसा का चुकीचा होता ते मला नंतर समजलं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये या त्रासाची एक मांडणी केली. त्यांच्यासमोर कोडं असं होतं: ही माणसं रोज लोकांत वावरतात, मग यांची भीड चेपत कशी नाही? मला तर हे कोडं जन्मभर टोचत आलंय. ‘चारचौघांत मिसळ, आपोआप भीड चेपेल’ असं सांगणारे कमी भेटले नाहीत, आणि मी मिसळत होतेच की! त्यांचं उत्तर असं, की अशा प्रसंगी आपलं सगळं लक्ष आत वळलेलं असतं. आपण समोरच्याचा चेहरा बघतच नाही, आपण कसे दिसत असू याचं मनातलं चित्र बघतो आणि तेच खरं धरून चालतो. शिवाय बचावाच्या बारीकसारीक युक्त्या करतो. वाक्य तोंडाबाहेर काढण्याआधी मनात दोनदा म्हणून बघायचं, हात थरथरलेले दिसू नयेत म्हणून मांडीखाली दाबायचे, आपल्यावर प्रश्न येऊ नये म्हणून समोरच्यालाच प्रश्नांत गुंतवून ठेवायचं. प्रसंग निभावला की श्रेय त्या युक्त्यांना जातं. काही वाईट झालंच नसतं, हे शिकायची संधी आपण स्वतःला देतच नाही. आणि घरी आल्यावर रात्री दीडपर्यंत त्या प्रसंगाचं शवविच्छेदन असतंच.

तिसऱ्या बाईंकडे जाण्याआधी मी चार प्रश्न ईमेलने विचारले. सोशल अँक्झायटी असलेल्या किती लोकांबरोबर तुम्ही काम केलं आहे? साधारण किती सत्रं लागतील? सत्राबाहेर मला काय करावं लागेल? फरक पडतोय की नाही हे आपण कसं ठरवणार? शिक्षण आणि नोंदणीबद्दलही विचारलं. असं विचारणं उद्धटपणाचं वाटेल म्हणून मी दोनदा माफी मागितली होती. उत्तर सरळ आलं, माफीचा उल्लेखही न करता. कुणी या प्रश्नांनी दुखावलं, तर तेही एक उत्तरच समजा.

पहिल्या भेटीत त्यांनी एक प्रश्नावली भरायला दिली. लिबोविट्झ स्केल म्हणतात तिला, १९८७ सालची. चोवीस प्रसंग, आणि प्रत्येकासमोर दोन रकाने: भीती किती, टाळता किती. दोन्हींना शून्य ते तीन गुण. मी फोनच्या प्रसंगापुढे भीती ‘एक’ लिहिली होती आणि टाळणं ‘तीन’. त्यांनी तिथे बोट ठेवलं. ‘करतच नसाल तर भीती एक की तीन, हे कळलं कसं?’ मला हसू आलं. अकरा महिन्यांत ‘काय वाटतं’ हे खूप विचारलं गेलं होतं, ‘काय काय टाळता’ हे कुणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी जे विचारलं, त्यावरच मी त्यांना निवडलं. ‘माझं एखादं म्हणणं पटलं नाही, तर सांगाल मला?’ मी ताबडतोब ‘हो’ म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘हे हो खरं आहे का?’

तिसऱ्या सत्रात त्यांनी एका सहकाऱ्याला खोलीत बोलावलं. पहिली पाच मिनिटं मी नेहमीच्या सगळ्या युक्त्या वापरून त्यांच्याशी बोलायचं, पुढची पाच मिनिटं युक्त्या सोडून, लक्ष त्यांच्या बोलण्यावर ठेवून. माझी खात्री होती की दुसऱ्या खेपेला माझी शोभा होणार. दुसऱ्या खेपेला मला कमी भीती वाटली. पण खरा धक्का त्या सहकाऱ्याच्या सांगण्याने बसला. पहिल्या पाच मिनिटांत त्यांना वाटलं होतं, की या बाईंना माझ्याशी बोलायचंच नाहीये, नुसती उलटतपासणी चाललीय. म्हणजे लोकांना मी विचित्र वाटू नये म्हणून जे करत होते, त्यामुळेच मी विचित्र वाटत होते! वीस वर्षं!

त्याचं चित्रीकरणही केलं होतं. ते बघण्याआधी माझे गाल किती लाल झाले असतील ते रंगपट्टीवर दाखवायला सांगितलं. मी सर्वांत गडद लाल दाखवला. व्हिडिओतली बाई फारतर फिकट गुलाबी होती, आणि हात तर दिसतच नव्हते, मांडीखाली होते.

हे सगळं सुखाचं नव्हतं. सत्राच्या आदल्या रात्री पोटात गोळा यायचा. पण दर वेळी आधी सांगून, मला विचारून, आणि त्याही स्वतः सोबत येऊन. एकदा लोकांसमोर मुद्दाम हातातली फाइल पाडायची होती, तर आधी त्यांनी स्वतःची पाडून दाखवली. सातव्या सत्रात मी कबूल केलं की मागच्या आठवड्याचा गृहपाठ मी केलाच नव्हता, खोटं सांगितलं होतं. त्यांनी ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि पूर्ण सत्र त्याच कबुलीवर घालवलं. रागवल्या नाहीत. ‘सांगताना काय होईल असं वाटलं होतं?’ एवढंच विचारत राहिल्या.

बाकीचं झटपट. कोणते उपचार द्यावेत ते सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१३ ची मार्गदर्शिका प्रौढांसाठी आधी या त्रासासाठीच बेतलेली वैयक्तिक सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी, सुचवते. क्लार्क-वेल्स पद्धतीत साधारण चार महिन्यांत दीड-दीड तासाची जास्तीत जास्त चौदा सत्रं. म्हणजे काम आटोपशीर असू शकतं, वर्षानुवर्षं जात राहणं हीच निष्ठा नव्हे. औषधं हवी असतील तर मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर, लागतात. एसएसआरआय या नैराश्य आणि चिंतेवर दिल्या जाणाऱ्या औषधांच्या गटातल्या गोळ्यांचा अनेकांना उपयोग होतो. फक्त आपल्या मनाने बंद करू नका. व्हिडिओ कॉलवर थेरपी घेत असाल तर स्वतःचा चेहरा दिसणारी ती छोटी चौकट लपवा. तो दुसऱ्या गृहस्थांचा आरसाच आहे. आणि चार-पाच सत्रांनंतरही नेमकं काय चाललंय हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर ते त्यांनाच विचारा. न कळवता गायब होण्यापेक्षा ते अवघड आहे. मी दोन्ही करून पाहिलंय.

मागच्या वर्षी एका इस्पितळाच्या लिफ्टमध्ये पहिल्या बाई भेटल्या. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. त्यांनी ओळख दाखवली नाही, तो त्यांच्या पेशाचा शिष्टाचार. मीच नमस्कार केला. त्या हसल्या, तोच मऊ आवाज. कशा आहात, काम कसं चाललंय. मग म्हणाल्या, ‘आणि भाऊ कसे आहेत?’

तीन मजले उरले होते. कान तापले.

‘मला भाऊ नाही,’ मी म्हणाले. ‘तेव्हाही नव्हता.’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. लिफ्टचं दार उघडलं, बंद झालं, आणि आम्ही दोघीही उतरलो नाही.