मॅशचं तापमान: चूक पहिल्या पाच मिनिटांत होती

लीड्सला आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात मी घरी बीअर करायला लागलो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बीअर करायला परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. आधी डब्यातल्या तयार अर्कापासून केली, ती जमली. मग थेट धान्यापासून करायला घेतली आणि मॅशपाशी अडलो.

मॅश म्हणजे भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात तासभर ठेवणं. तेवढ्या वेळात माल्टमधली विकरं, म्हणजे एन्झाइम, स्टार्चची साखर करतात. त्यातली दोन महत्त्वाची. बीटा अमायलेज ६० ते ६५ अंशांत जोमात असतं आणि त्याने केलेली साखर यीस्ट सगळी खाऊन टाकतं. अल्फा अमायलेजला सत्तरीच्या आसपासची ऊब लागते. त्याने केलेले बरेच तुकडे यीस्टला पचत नाहीत, ते बीअरमध्येच राहतात आणि तिला भरीवपणा देतात. ६६ ला दोघांचं जमतं. आई विरजण लावताना दुधात बोट बुडवून बघायची, तसाच हा प्रकार, पण इथे बोटाच्या अंदाजाने भागत नाही. तीन अंश इकडेतिकडे झाले की बीअरच वेगळी होते.

माझं भांडं म्हणजे सहलीला नेतात तो कूल-बॉक्स, खाली नळ आणि आत जाळी बसवलेला. माल्ट साडेचार किलो, पाणी साडेतेरा लिटर. थंड माल्ट घातल्यावर पाणी निवणार म्हणून चार अंश जास्त धरले आणि ७० चं पाणी ओतलं. ढवळून पाहिलं तर ६१. आंबवून झाल्यावर हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता मोजणारी नळी, १.०५० वरून थेट १.००६ वर उतरला. यीस्ट साखर खातं तसा हा आकडा उतरतो, म्हणजे इथे साखर फारशी उरलीच नव्हती. बीअर कोरडी, पातळ, पाण्यासारखी.

मला वाटलं, बॉक्समधून उष्णता गळतेय. पुढच्या वेळी दोन रजया आणि एक स्लीपिंग बॅग गुंडाळली, पाणीही ७७ चं घेतलं. थर्मामीटरने ६७ दाखवले, तासाभराने ६६. म्हणजे गळती जवळजवळ नव्हतीच. आकडेही हवे तसे होते, तरी बीअर १.०१८ वर थांबली, गोड आणि जड. मी यीस्टला दोष दिला, नवी पाकिटंही आणली.

पलीकडच्या घरातले निवृत्त गृहस्थ चाळीस वर्षं घरी बीअर करतात. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, “थर्मामीटर बर्फात घालून पाहिलास का?” घरी येऊन बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी पेल्यात घेतलं. काटा शून्याच्या खाली, उणे २ वर. उकळत्या पाण्यात ९८. थर्मामीटर दोन्ही टोकांना दोन अंश कमी दाखवत होता. म्हणजे माझे ६७ खरे ६९ होते आणि यीस्ट निर्दोष होतं. त्या रात्री मला फार हलकं वाटलं, कारण आता शोधायचं काय ते कळलं होतं.

दुसरी गोष्ट माल्टची. गॅरेजमध्ये ते ६ अंशांवर पडून असायचं आणि मी ते हिशेबातच धरत नव्हतो. हिशेब असा: ०.४१ ला दर किलोमागच्या लिटरांनी भागायचं, त्याला हवं ते तापमान वजा माल्टचं तापमान याने गुणायचं आणि उत्तर हव्या तापमानात मिळवायचं. माझ्याकडे किलोला तीन लिटर पाणी. माल्ट आदल्या रात्री घरात आणून ठेवलं, ते १८ अंशांवर आलं. उत्तर आलं ७२.६. बॉक्सची प्लास्टिकही उष्णता पिते, म्हणून आधी त्यात उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवून ओतून दिलं.

माल्ट घालायचं कसं, हे मला पिठल्याने शिकवलेलं होतं. बेसन एकदम ओतलं की गुठळ्या होतात. एका हाताने पेरायचं, दुसऱ्याने ढवळायचं. माल्टच्या गुठळीत आतला भाग कोरडा राहतो, तिथली साखर होतच नाही. मोजतानाही कडेला आणि मध्ये एकेक अंशाचा फरक दिसतो, म्हणून मी नीट ढवळून तीन ठिकाणी बघतो. शेजारी उकळत्या आणि गार पाण्याचे जग भरून ठेवतो. एवढ्या मॅशला एक अंश चढवायला साधारण अर्धा लिटर उकळतं पाणी लागतं, उतरवायला पाव लिटर गार.

तिसऱ्या खेपेला नव्या थर्मामीटरने ६६ दाखवले, तासाभराने ६५. बीअर १.०१२ वर थांबली. शेजारच्या गृहस्थांना बाटली दिली, ती त्यांनी उजेडात धरून पाहिली आणि दुसरी मागितली. आता पोर्टर, म्हणजे गडद रंगाची बीअर, करायची आहे, तिला जरा जास्त अंग हवं म्हणून ६८ धरणार आहे. माल्टची पिशवी आजच घरात आणून ठेवलीय.