तुम्ही विचारलंत म्हणून : एनबीएमध्ये नवा खेळाडू येतो कसा?

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि सकाळ-संध्याकाळ बास्केटबॉलच्या मैदानावर असतो. नववी-दहावीतला एखादा मुलगा वर्गात सर्वांत उंच दिसू लागला, की त्याचे वडील शेतातून परतताना मैदानाच्या कडेला थांबतात आणि विचारतात, “सर, माह्या पोराले थ्या अमेरिकेतल्या एनबीएत खेळाचं असन, तं काय करा लागते?” हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे, की त्याचे उत्तर सविस्तर लिहावे असे वाटले.

आपल्याला माहीत असलेली पद्धत पोलीस भरतीची आहे : जाहिरात निघते, अर्ज भरला जातो, उंची मोजतात, धावायला लावतात आणि शेवटी यादी लागते. एनबीए म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघांची लीग, आणि तिची रीत याच्या उलट आहे. तेथे ३० संघ आहेत आणि उन्हाळ्यात ‘ड्राफ्ट’ नावाच्या कार्यक्रमात ते आळीपाळीने नव्या खेळाडूंची निवड करतात. निवडीच्या दोन फेऱ्या होतात. कोणत्या शहरात खेळायचे हे खेळाडू ठरवत नाही. ज्या संघाने नाव पुकारले, त्याच संघाशी त्याला करार करावा लागतो. सर्व चांगली मुले श्रीमंत संघांकडे जाऊ नयेत, म्हणून आधीच्या हंगामात हरलेल्यांना आधी संधी मिळते. पण त्यामुळे मुद्दाम हरण्याचा मोह होतो, आणि त्याला आवर घालण्यासाठी १९८५पासून सोडत आली. बाद फेरीत न पोहोचलेल्या संघांसाठी यंत्रात १४ क्रमांकित चेंडू फिरवून त्यांतले चार काढतात. त्यांच्या १,००१ जुळण्या होऊ शकतात, त्यांपैकी १,००० जुळण्या संघांमध्ये वाटलेल्या असतात. २०१९मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार सर्वांत कमकुवत तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी देण्यात आली, आणि २०२५मध्ये तर अवघी १.८ टक्के संधी असलेल्या डॅलस मॅव्हरिक्सला पहिली निवड मिळाली. मला ही व्यवस्था मनापासून आवडते, कारण जो मागे राहिला त्याला पुढे येण्याची वाट तिने नियमातच ठेवली आहे.

पात्रतेचा मुख्य नियम वयाचा आहे. ड्राफ्टच्या वर्षी खेळाडूला १९ वर्षे पूर्ण होत असली पाहिजेत आणि तो अमेरिकेत शिकलेला असेल, तर त्याच्या तुकडीची शाळा संपून एक वर्ष झालेले असले पाहिजे. कोबी ब्रायंट १९९६मध्ये आणि लेब्रॉन जेम्स २००३मध्ये शाळेतून थेट आले, ते हा नियम होण्यापूर्वी. बाहेरच्या देशातील खेळाडू २२व्या वर्षी आपोआप पात्र ठरतो. त्याआधी यायचे असल्यास त्याने तसे कळवावे लागते. पहिल्या फेरीत निवड झाल्यास सुरुवातीच्या दोन वर्षांच्या पगाराची हमी असते, दुसऱ्या फेरीत तशी हमी नसते. तरीही निकोला योकिच २०१४मध्ये दुसऱ्या फेरीत ४१वा निवडला गेला आणि पुढे तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला; बेन वॉलेसला तर १९९६मध्ये कोणीच निवडले नव्हते, आणि त्याचे नाव आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधील थोरांच्या सन्मानयादीत आहे.

यानंतर वडील हमखास विचारतात की आपल्यापैकी कोणी गेले आहे का. पंजाबातील बर्नाला जिल्ह्याच्या बल्लो के गावातील शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग २०१५मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२व्या क्रमांकावर निवडला. भारतात जन्मलेला तो पहिलाच. तो सात फुटांहून उंच आहे. पण उंचीमुळे त्याच्यावर नजर पडली, निवड होण्याआधी बरेच काही घडले : लहानपणीच तो लुधियानाच्या अकादमीत गेला, २०१०मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत पोहोचला, आणि तेथे परक्या भाषेत, घरापासून दूर, अनेक वर्षे शिकत राहिला. एवढे करूनही एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याच्या वाट्याला आला नाही. मी हे वडिलांना मुद्दाम सांगतो, कारण निवड होणे आणि खेळायला मिळणे यांत फार अंतर आहे.

सहा फूट दोन इंचांचा मुलगा आमच्या जिल्ह्यात मनोऱ्यासारखा दिसतो. साहजिकच त्याला बास्केटखाली उभे करतात, आणि रिबाउंड, म्हणजे नेम हुकून परत आलेला चेंडू, घेऊन तिथल्या तिथे चेंडू टाकणे एवढेच त्याचे काम होऊन बसते. एनबीएतील खेळाडूंची सरासरी उंची मात्र साडेसहा फुटांच्या आसपास असते. म्हणजे हाच मुलगा तेथे बुटक्यांत मोजला जाईल आणि त्याला गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत पुढे आणणारा, म्हणून खेळावे लागेल. दोन्ही हातांनी ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेत, बचाव भेदणे, धावता धावता पास देणे, लांबून अचूक शूट करणे, हे सगळे त्याला यावे लागेल, आणि नेमके तेच त्याला कोणी शिकवलेले नसते. म्हणून आमच्या मैदानावर सर्वांत उंच मुलाला मी डाव्या हाताने चेंडू खेळवत आणायला लावतो. गावातले लोक नाराज होतात, सामनेही हरले जातात, पण माझे मत बदललेले नाही.

दुसरी गोष्ट वह्या-पुस्तकांची. अमेरिकेतील बहुतेक खेळाडू महाविद्यालयीन स्पर्धेतून ड्राफ्टमध्ये येतात, आणि तेथील पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयांत खेळण्यासाठी नववी ते बारावीत इंग्रजी, गणित, विज्ञान यांसारख्या विषयांचे १६ अभ्यासक्रम पूर्ण असावे लागतात. परदेशी विद्यार्थ्याचीही नववीपासूनची गुणपत्रके तपासली जातात. खेळात पुढे जायचे म्हणून वर्ग बुडवणारा मुलगा हा रस्ता स्वतःच बंद करून घेतो.

मात्र मला खरी काळजी सामन्यांची वाटते. २०२३मध्ये व्हिक्टर वेम्बन्यामा आणि २०२४मध्ये झाकारी रिझाशे असे सलग दोन वर्षे फ्रान्सचे खेळाडू पहिल्या क्रमांकावर निवडले गेले. दोघेही तेथील क्लबांच्या युवा संघांतून वर आले. त्या देशात अशा मुलांना पूर्ण हंगामभर सामने मिळतात. आमच्याकडे १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा होतात, जिल्ह्यातून विभागाला आणि विभागातून राज्याला जायचे असते, आणि सगळे बाद पद्धतीने खेळले जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी सकाळी बसने गेलेला संघ पहिलाच सामना हरला, की दुपारच्या बसने परत येतो, आणि त्या मुलांचे वर्ष संपते. वर्षात एक-दोन सामने खेळलेल्या मुलाला अटीतटीच्या शेवटच्या मिनिटाला चेंडू कोणाकडे द्यावा हे कसे कळणार? ते सरावात शिकवता येत नाही.

म्हणून जे वडील मला एनबीएची वाट विचारतात, त्यांच्याकडे मी एक मागणी करतो. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू असली तरी रविवारची सकाळ मुलांना मोकळी द्यावी आणि शेजारच्या तालुक्यापर्यंतच्या गाडीभाड्याचा भार आळीपाळीने उचलावा. मैदाने आहेत, शिट्टी वाजवायला आम्ही शिक्षक आहोत, आणि परीक्षेपर्यंत चार-पाच शाळांनी एकमेकांशी घरी आणि बाहेर असे दोन-दोन सामने खेळावेत, एवढेच ठरवायचे आहे. मुलींचे संघही त्याच गाडीत आले पाहिजेत. त्यांच्यासाठी अमेरिकेत १९९७पासून डब्ल्यूएनबीए ही महिलांची लीग आहे आणि तिचाही ड्राफ्ट होतो. त्याविषयी मात्र मला अजून कोणत्याही वडिलांनी विचारलेले नाही, आणि त्यांनी विचारावे म्हणून मी वाट पाहत आहे.